जाड तार आणि स्पंजचा तुकडा

वसईत लग्नांसाठी पत्र्याचे हॉल नुकतेच उभे राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. रुझार तिथल्या लग्नांत बास गिटार वाजवायचा. आवाज घुमत राहू नये म्हणून त्याने तारांखाली भांडी घासायच्या स्पंजचा एक तुकडा खोचला होता.

सगळ्यांत जाड तारेला तो तुकडा अजिबात खपायचा नाही. "मोरीतलं ध्यान! माझा गळा दाबून बसलंय," ती कुरकुरायची. तुकडा मात्र तिला टेकून बसलेला असायचा.

एका लग्नात पहिल्याच गाण्याला तिने इतके हिसके दिले की तुकडा निसटून खाली पडला. तार खूश झाली आणि मनसोक्त घुमली. तिच्याबरोबर पत्राही घुमू लागला. एक सूर संपायच्या आत दुसरा त्यात मिसळला. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले, नवरा-नवरी थांबली. गाणारी सेलिना वळून म्हणाली, "रुझार, अरे काय चाललंय? मला सूरच सापडत नाहीये!" तार घाबरली. तिला थांबायचं होतं, पण स्वतःहून थांबता येईना.

रुझारने तुकडा उचलला, फुंकर मारली आणि परत खोचला. पुढचा सूर नेमका उमटला, नेमका थांबला. हॉल पुन्हा नाचू लागला.

"मी तुला इतकं बोलले, तरी तू मला सावरलंस," तार हळूच म्हणाली. "तुझे उपकार कसे फेडू?"

"उपकार तुझेच," तुकडा म्हणाला. "मला कुठलं गाता यायला? पण तुला टेकून बसलो, की प्रत्येक गाणं आधी माझ्या अंगातून जातं."