गुहेकडची वाट

कुंभवडीच्या रायाजी महाराजांना एका खेळाचं भारी वेड. गोष्ट महाराजांनी सांगायची, त्यातल्या वीराने काय करायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. जो वीराला राक्षसाच्या तोंडी देईल, त्याने भर दरबारात पगडी उतरवायची. महाराज सोडून सगळ्यांच्या उतरून झाल्या होत्या.

आज पाळी केसोपंत वैद्यांची होती.

“वीर पूल ओलांडतो,” वैद्य म्हणाले.

“पूल कोसळला,” महाराज म्हणाले.

“मग मागे फिरतो.”

“मागे वणवा पेटलाय. उरली फक्त गुहा. गुहेतल्या राक्षसाने वीराला गिळलं. काढा पगडी.”

वैद्यांनी हात जोडले. “काढतो. पण महाराज, मी त्याला दोनदा दुसरीकडे नेत होतो. गुहेत कोणी घातलं?”

महाराजांनी मिशीत हसत स्वतःची पगडी उतरवली.

दुसऱ्या दिवशीच्या गोष्टीत पूल शाबूत होता.