अप्पांनी तांदूळ निवडले

काळवंडलेलं स्वयंपाकघर पांढरंशुभ्र करायचंच, असं शैलजानं पक्कं ठरवलं होतं. पण निवृत्त हेडमास्तर असलेल्या सासऱ्यांपुढे घरात कुणाचं चालत नसे.

"पांढऱ्यावर घाण दिसते!" अप्पा गरजले. "आपला काळा ओटाच बरा. इथे काय कमी आहे?"

शैलजानं वाद घातला नाही. तिनं तांदळाचं ताट ओट्यावर ठेवलं. "भातात खडा लागला की तुम्ही घर डोक्यावर घेता. आज तुम्हीच निवडा."

अप्पांनी चष्मा पुसला, डोळे बारीक केले आणि ताट उचलून ते तडक गॅलरीकडे निघाले.

"कुठे निघालात, अप्पा?"

"उजेडात! इथे खडे दिसणार कसे?"

"खडे दिसायला हवेत, तर घाणही दिसू दे," शैलजा म्हणाली. "उद्या गवंडी येतोय."