आमच्या दारात रुतलेली गाडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. सांगताना आमची मान अजून खाली जाते, एवढीच जुनी समजा.

तेव्हा आमच्या गावाला रस्ता नव्हता. सगळी काळी माती. उन्हाळ्यात दगडासारखी कडक आणि पावसाळ्यात अशी, की पाय वर यायचा पण चप्पल आतच राहायची. गावात सुईण नव्हती, ती पुढच्या गावाला. दर पावसाळ्यात एखादी बाळंतीण वाटेतल्या चिखलातच जायची. शेवटी पंचांनी रस्ता करायला तिमव्वा वडारणीला बोलावून आणलं.

तिमव्वा आली ती मुलगा, सून आणि एक धुम्मस घेऊन. धुम्मस म्हणजे जमीन ठोकायचा जड ठोकळा, दांड्यानं उचलून आपटायचा. दोन गड्यांना न पेलणारं ते धुड ती एकटी उचलायची. आणि त्याच्या आवाजावरून जमिनीच्या पोटात काय आहे ते ओळखायची, असं म्हणतात.

तिनं पंचांना सांगितलं, "शिवेपासून वेशीपर्यंतचा रस्ता मी करते. गावातला ज्यानं त्यानं आपापल्या दारापुढं करायचा. काळी माती कंबरभर उपसायची आणि टेकडीवरचा मुरूम भरायचा. वरची खडी माझी."

टेकडी दोन कोसांवर. डोक्यावर ऊन आणि पाटी. चार दिवसांत लोक कंटाळले. पहिला कंटाळला तो निंगाप्पा, आमचा खापरपणजोबा. घरात सहा बैल होते हो! तरी म्हणाला, "एवढी कडक माती उपसायची? ही काय येडी झाली काय?" त्यानं माती तशीच ठेवली आणि वर बोटभर मुरूम पसरला. शेजाऱ्यांनी ते पाहिलं. मग काय, दोन्ही अंगाच्या सगळ्या घरांनी तेच केलं.

तिमव्वा खडी घेऊन आली. आमच्या दारात तिनं धुम्मस टाकलं आणि ती थांबली.

"अण्णा, खाली माती हाय."

"मुरूम हाय."

"माती हाय, अण्णा. मला ऐकू येतंय."

झालं! निंगाप्पाचं पित्त खवळलं. एक वडारीण भरल्या गावात आपल्याला खोटं पाडते! त्यानं पंच बसवले. पंचांच्याही दारात मातीच होती, ते काय बोलणार? त्यांनी सांगितलं, बोललेले शब्द परत घे, नाहीतर आत्ताच्या आत्ता पालं उचल. सून रेणव्वा सातव्या महिन्यात होती, आभाळ भरून आलं होतं. जाणार कुठं? तिमव्वा खाली वाकली, आमच्या उंबऱ्याला हात लावला आणि म्हणाली, "चुकलं माझं. मुरूमच हाय."

ते ऐकून लोक हसले, असं म्हणतात. हसले!

श्रावणात रेणव्वाला कळा सुरू झाल्या. भर दुपारची वेळ, पाऊस धो धो. मुलानं बैलगाडी जुंपली. पालं गावाच्या वरच्या अंगाला, त्यामुळे वाट गावातूनच. गाडी आमच्या दारात आली आणि चाकांच्या आसापर्यंत रुतली. बैल गुडघ्यांवर बसले. रेणव्वाचं ओरडणं घराघरांत ऐकू जात होतं, आणि एक माणूस बाहेर आला नाही. बाहेर आलं तर चिखलात पाय बुडणार आणि तळाची माती सगळ्यांना दिसणार. निंगाप्पा दाराच्या फटीतून बघत उभा होता.

तिमव्वानं हाक मारली नाही. तिनं बैल सोडले, पाठ आसाखाली लावली आणि सुनेसकट गाडी खांद्यावर उचलली. अख्खं गाव ओलांडून ती वेशीबाहेर गेली. तिथून तिचा रस्ता सुरू होत होता, आणि त्यावर पाणीसुद्धा साचलं नव्हतं. पहिल्याच खडीवर तिची पावलं उमटली, ती डांबराखाली अजून आहेत, असं म्हणतात.

रेणव्वा वाचली. लेकरू वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिमव्वा परत आली. आम्ही शिव्यांची वाट पाहत होतो. तिनं निंगाप्पाच्या दारापासून सगळ्या गावातली माती उपसायला घेतली. अकरा दिवस ती एकटी राबली. टेकडीचं अर्धं अंग तिनं वाहून आणलं, उरलेली अर्धी टेकडी आज कुणालाही दाखवता येईल. लोक पाट्या घेऊन मदतीला आले, तिनं वर पाहिलं नाही. भाकरी आणली, तिला ती शिवली नाही. बाराव्या दिवशी पालं उठली होती.

आता वरून डांबर झालंय. खाली सगळं तिमव्वाचं आहे आणि त्याला आजवर खड्डा नाही.

आमच्या गावची रीत अशी. बाळंतपणाला गाडी निघाली, मग ती जीप असो की दवाखान्याची, की प्रत्येक घरातला कर्ता अनवाणी बाहेर येतो आणि गाडी वेशीपार होईपर्यंत रस्त्यावर उभा राहतो. उंबऱ्याच्या आत कोणी थांबायचं नाही. आणि आमच्या घरच्या माणसानं गाडीला हात लावून मोठ्यानं म्हणायचं, "तिमव्वा, गाडी आमच्या दारात रुतली होती. खाली माती होती."

गेल्या वर्षी गाडीत माझी बायको होती. गाव दोन्ही बाजूंना उभं. मी हात लावला. कसंबसं पुटपुटलो आणि बाजूला सरलो. गाडी हलेना. आतून, कळा सोसत, बायको म्हणाली,

"ऐकू आलं नाही. परत म्हणा."