घटिका बुडते तेव्हा

धुपाच्या निळ्या धुरात मांडव तरंगत होता. घंगाळातल्या पाण्यावर, तळाला भोक असलेली तांब्याची वाटी हळूहळू भरत होती. ती बुडाली की मुहूर्त.

तेवढ्यात नवरदेवाचे मामा गरजले, "थांबवा लग्न! मुलीला बायपोलर आहे म्हणे. कधी तीन-तीन दिवस न झोपता तरंगते, कधी अंथरुणात बुडून जाते. काय भरवसा हिचा?"

नवरी ऋजुतानं शांतपणे विचारलं, "मामा, मुहूर्त कशावर बघताय?"

"या वाटीवर."

"तीही तरंगते, बुडते. मग तिचा कसा भरवसा?"

"अगं, बुडाली की उचलायला गुरुजी बसलेत ना!"

"मलाही डॉक्टर आहेत, रोजच्या गोळ्या आहेत. आणि निनाद आहे."

"आहे ना!" अंतरपाटापलीकडून नवरदेव म्हणाला.

वाटी अलगद बुडाली. मामांनीच वाकून ती उचलली आणि अक्षता मागितल्या.