पोत्याच्या जागेवर

सन १९९८, पौष शुद्ध दशमी. संक्रांतीच्या शर्यतीला सहा दिवस उरले होते. दक्षिण कोकणातल्या एका खाडीकाठी एक वृद्ध मेस्त, म्हणजे होड्या बांधणारा सुतार, होड्यांच्या मांगरात, छपराखाली, डोळे मिटून बसला होता, आणि त्याचा शिष्य त्याला वही वाचून दाखवत होता.

मेस्ताला अक्षर येत नव्हते. साठ वर्षे त्याने होड्या बांधल्या, त्या हाताच्या मापाने. पण त्या खाडीत एक रीत होती. मेस्ताने तळावर हात फिरवून ‘जाऊ दे’ म्हटल्याशिवाय नवी होडी गिऱ्हाइकाच्या स्वाधीन होत नसे. शिष्य रीत पाळत होता. मनातून त्याला ती नुसती रीतच वाटत होती.

शिष्य चाळिशीला टेकलेला. बारा वर्षे मेस्ताच्या हाताखाली, मग चार वर्षे परमुलखात फायबरच्या कारखान्यात. तिथून तो शर्यतीच्या होडीचा नवा तळ डोक्यात घेऊन आला. मागे पंधरा घोड्यांचे यंत्र लावलेली, दोन माणसांची छोटी होडी. जुना तळ गोल पोटाचा, पाणी ढकलत जाणारा. नवा तळ पुढे पाचरीसारखा, मागे सपाट, आणि दोन्ही कडांना कोयत्यासारखी धार. वेग आला की होडी पाण्यावर उठे आणि वरच्या वर घसरत जाई. आधी त्याने हातभर लांबीचा लाकडी नमुना ताणकाट्याला बांधून ओढून पाहिला. मग प्लायवूडची पुरती होडी केली. वजन पुढे-मागे केले, यंत्र बोटभर वर-खाली केले, प्रत्येक फेरीची वेळ लिहिली. अशा बासष्ट फेऱ्या. धक्क्यापासून निघून खाडीत रोवलेल्या बांबूला वळसा घालून परत यायला जुन्या होडीला दीड मिनिट लागे. नवी एक मिनिट दहा सेकंदांत येई. त्यात खोटे काही नव्हते. होडी खरोखर वेगवान होती.

पलीकडच्या गावचे दोघे भाऊ ती शर्यतीसाठी नेणार होते. थोरला यंत्र धरणार, धाकटा पुढे बसणार. पुढे बसणाऱ्याला तिथे तोलकरी म्हणत. पुढच्या टोकाला बांधलेली दोरी धरून त्याने वळणावर अंग झोकायचे, म्हणजे होडी कलंडत नाही.

वाचता वाचता शिष्य एकोणिसाव्या फेरीशी आला. “कार्तिक वद्य अष्टमी, सकाळ. डावे वळण. लाट आली. तोलकऱ्याने दोरी सोडली. होडी उलटली.”

“परत वाच,” मेस्त म्हणाला.

शिष्याने परत वाचले, जरा घाईने.

“अष्टमीक भांग. पाणी मेलेला,” मेस्त म्हणाला. “लाट खयसून इली?”

अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी असतो, हे त्या खाडीत पोरासोरांना ठाऊक. शिष्य म्हणाला, “मोठी बोट गेली आसात, बाबानू.”

“आसात. फुडे?”

“फुडल्यो सगळ्यो फेऱ्यो बऱ्यो. तोलकऱ्याच्या जाग्यार रेतीचा पोता ठेवलंय. साठ किलोचा.”

“पोता बरा,” मेस्त म्हणाला. “बोलणा नाय.”

शिष्याने पान उलटले.

एकोणिसाव्या फेरीत यंत्रावर शिष्य स्वतः होता आणि तोलकरी होता झिलू मोंडकर. खाडीतला सर्वांत भरवशाचा. त्या सकाळी तो कालवांच्या खडकावर फेकला गेला आणि त्याचा डावा खांदा निखळला. धक्क्यावर माणसे जमली. काय झाले, काय झाले, असा गलका उठला. शिष्याच्या पाठीशी तेव्हा दोन वर्षांची मेहनत उभी होती. त्याच्या तोंडून निघून गेले, “झिलून दोरी सोडल्यान.”

झिलूने उजवा तळहात उघडून दाखवला. दोरीने तो सोलून निघाला होता. “सोडलंय असतंय, तर ह्या झाला असता?” पण वही शिष्याच्या हातात होती. खोटे बोलायला वही लागत नाही, टिकवायला लागते.

तेव्हापासून झिलूला कोणी होडीत घेईना. बाजारात मासे विकणाऱ्या बायकासुद्धा म्हणत, “झिलग्या, पिशवी घट धर हां, नायतर सोडशीत!” झिलू हसून पिशवी घेई. त्याला लांबून पाहिले की शिष्य वाट बदलत असे.

मेस्ताने डोळे उघडले. “उद्या सकाळी होडी काढ. पोत्याच्या जाग्यार मी बसतंय.”

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर ही गर्दी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, एक गुडघा वाकत नाही, आणि शर्यतीच्या होडीत पुढे बसणार! थोरला भाऊ म्हणाला, “बाबानू, ह्या वयात कोणाक दाखवक चललास? नवरो होवचा आसा काय?”

“पोता बसता तेव्हा तुमी हसणास नाय,” मेस्त म्हणाला. माणसे आणखी हसली.

पुढे बसून त्याने दोन्ही हात शिष्यासमोर धरले. “दोरी मनगटांका बांध. गाठ मार.”

“बाबानू, होडी उलाटली तर—” शिष्य बोलता बोलता थांबला.

“तर?”

“काय नाय.”

“मगे बांध. म्हाताऱ्यान दोरी सोडल्यान, असा उद्या कोण म्हणूक नको.”

शिष्याने बांधले. ती गाठ त्याला मेस्तानेच शिकवलेली होती. ओली झाली की सुटत नाही.

धाकट्या भावाने वही हातात घेतली आणि घड्याळ दाबले. शिष्याने यंत्राची मूठ पिळली. होडी उठली, पाण्यावरून सळसळत निघाली. समोर मेस्ताची पाठ, उडणारे चार पांढरे केस, आणि दोरीत अडकलेले दोन वाळके हात. बांबू जवळ आला. डावे वळण. शिष्याची मूठ आपोआप सैल झाली. होडी पाण्यात बसली आणि म्हशीसारखी सावकाश वळली.

“कमी कित्याक केलंस?”

“तुमका सवय नाय.”

“परत.”

दुसऱ्या फेरीतही मूठ सैल झाली. “परत,” मेस्त म्हणाला. तिसऱ्या वेळी शिष्याने दात आवळले, वेग कमी करायचा नाही असा निश्चय केला. बांबू आला. त्याची नजर त्या गाठीवर गेली. ती भिजून फुगली होती. मूठ पुन्हा सुटली. मग त्याने यंत्रच बंद केले.

होडी नुसती तरंगत राहिली. मेस्ताने मागे वळून पाहिले नाही. तो पाण्याकडे तोंड करून बोलला.

“माका वाचूक येणा नाय. म्हणान तुझो हात वाचूक बसलंय. वहीत लाट आसा, हातात लाट नाय. डाव्या वळणार कड रुतता, ह्या तुझ्या हाताक पयल्यापासून ठावक आसा. तळ चुकता, रे. माझे सतरा तळ चुकले, मीच कुऱ्हाडीन फोडलंय. त्येची लाज माका कधी वाटली नाय. तू बऱ्या माणसाक वायट तळार बसवलंस, आणि तळाचो दोष त्येच्या हातार लिवलंस. आता दुसऱ्या पोराक थयच बसवक निघालंस. तळ तू उद्या सुधारशीत. पण झिलूचा नाव तुझ्याकडे रवला हा. ता देणा. फेड.”

दोन वर्षे, कारखाना, रात्रंदिवस घासलेले लाकूड, सगळे शिष्याच्या ओठांवर आले होते. त्या पाठीसमोर त्यातले एकही वाक्य उभे राहीना. हाताखालच्या बारा वर्षांत तो मेस्तासमोर अनेकदा चुकला होता, मार खाल्ला होता. पण मेस्ताने आपले हात त्याच्या भरवशावर बांधून दिले, आणि तो भरवसा आपल्यालाच आपल्यावर नाही, हे त्याला त्या दिवशी कळले.

“तुमी सांगशात त्यांका?” त्याने विचारले.

“खोटा मी बोलूक नाय. धक्को थय आसा.”

धक्क्याला लागताच धाकटा घड्याळ नाचवत पुढे आला. “पाच मिनटां झाली! म्हातारो पोत्यापरास जड?” हशा पिकला. मेस्ताने बांधलेले हात शिष्यापुढे केले. शिष्य गाठ सोडवू लागला. ती सुटेना. कोणी सुरी पुढे केली, मेस्ताने मान हलवून नको म्हटले. नखे मोडली. इतकी माणसे भोवती, आणि त्याला मान वर करता येईना. गर्दीच्या मागे, एका खांबाला टेकून झिलू एका हाताने जाळे विणत बसला आहे, हे त्याला ठाऊक होते.

शिष्य गाठीकडे बघूनच काहीतरी पुटपुटला.

“काय म्हणतंस?” थोरल्याने विचारले.

गाठ सुटली. शिष्याने मान वर केली.

“झिलून दोरी सोडूक नाय. लाट नव्हती. डाव्या वळणार माणसान अंग झोकल्यान की तळाची कड पाण्यात रुतता. पोता अंग झोकणा नाय. माका त्याच दिसा कळला. मी खोटा बोललंय.”

हशा जिथल्या तिथे विरला. थोरला भाऊ हळूच म्हणाला, “आणि संक्रांतीक माझ्या भावाक तू थयच बसवतलंस?”

“व्हय,” शिष्य म्हणाला.

थोरल्याने धाकट्याचा दंड धरला आणि त्याला दोन पावले मागे ओढले. शिवी दिली असती तर बरे झाले असते.

धाकट्याच्या हातातली वही शिष्याने मागून घेतली. एकोणिसाव्या फेरीची ओळ खोडली आणि खाली लिहिले. लिहिलेले मोठ्याने वाचले, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असे: “लाट नव्हती. झिलू मोंडकरने दोरी सोडली नाही. कड रुतली. तळ माझा.”

गर्दीने वाट दिली. त्याने वही झिलूपुढे धरली. झिलूने जाळे बाजूला ठेवले आणि ओळीखाली बोट फिरवत ती वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग वही मिटून परत दिली.

“फिटला,” तो म्हणाला. तो उठला, उजव्या हाताने ती ओली दोरी उचलली, तळहाताला एक वेढा दिला, आणि होडी वर ओढायला उभा राहिला.