अंतरपाटाआडची जाहिरात

कराडचे बापूशेठ शेटे पापडांसाठी जितके प्रसिद्ध, तितकेच हट्टासाठी. क्षमा फडतरेच्या रहस्यकथांचा पॉडकास्ट त्यांच्या जाहिरातीवर चालायचा. खुनी कोण हे कळणार, नेमकं तिथेच गोष्ट थांबवून पापडांचं गुणगान झालंच पाहिजे, असा शेठचा करार होता. श्रोते पार वैतागले.

क्षमा म्हणाली, "शेठ, लोक वर्गणी भरायला तयार आहेत. जाहिरात बंद करूया."

"भलतंच! फुकट ऐकणारे दोन मिनिटं थांबले तर काय बिघडलं?"

पुढच्याच आठवड्यात शेठच्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टका म्हणायला त्यांनी क्षमालाच बोलावलं होतं, कारण तसा आवाज गावात दुसरा नव्हता. शेवटचं कडवं झालं. अंतरपाट धरलेला, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, वाजंत्री तयार. क्षमाने माईक जवळ घेतला.

"मंडळी, नवरानवरी एकमेकांना दिसण्याआधी ऐका, खमंग, खुसखुशीत शेटे पापड..."

शेठ धावत आले. "अगं, मुहूर्त टळतोय!"

"वऱ्हाडी फुकटच जेवणार आहेत, शेठ. दोन मिनिटं थांबले तर काय बिघडलं?"

अंतरपाटाआडून नवरीच खुदकन हसली.

शेठने घाम पुसला. "बाई, करार फाडतो, पहिली वर्गणीही मीच भरतो. आता तरी 'सावधान' म्हण!"