झाकणावरचं नाव

बोटभर क्रीम आणि तिला मुठीएवढी प्लास्टिकची डबी, असा त्र्यंबकशेठच्या गोरेपणाच्या क्रीमचा थाट. वर प्रत्येक झाकणावर शेठचं नाव ठसठशीत उठवलेलं. कुसवाडीत घरोघरी ती क्रीम शिरली आणि रिकाम्या डब्यांनी ओढा तुंबला. तुंबलेलं घाण पाणी अनसूयाकाकूंच्या गोठ्यात घुसलं आणि त्यांची गाभण म्हैस दगावली.

काकू तडक शेठच्या पेढीवर गेल्या. "तुमच्या डब्या तेवढ्या परत घ्या. या घाणीचं आम्ही काय करायचं?" म्हणाल्या.

शेठ लोडावरून हललासुद्धा नाही. "बाई, विकला तो माल तुमचा. रिकाम्या डबीशी माझा काय संबंध?"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या परतल्या त्या थेट ओढ्यावर.

दुसऱ्या दिवशी शेठच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. बडे पाहुणे जेवायला बसणार, तोच काकू गावच्या बायका घेऊन मांडवात शिरल्या आणि पाट्याच्या पाट्या डब्या शेठच्या पुढ्यात ओतल्या. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले.

"हे काय आणलंत?" शेठ कडाडला.

"गावजेवणाला घरोघरची भांडी गोळा होतात. नंतर ज्याचं नाव, त्याच्या घरी भांडं पोचवतो आम्ही. झाकणावरचं नाव वाचा."

"अहो, पण यांत घाण भरलीय!"

"भरणारच. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायची रीत नाही आमच्यात. ओढ्याचाच गाळ आहे."

"मी काय करू या घाणीचं?"

काकूंनी पदर खोचला. "हेच विचारायला काल आले होते, शेठ."